डिकन्सला दोन तुकड्यांत तोडू नका

चार्ल्स डिकन्सचा विषय निघाला की वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की खरा डिकन्स 'पिकविक पेपर्स'चा. चोविसाव्या वर्षी लिहायला बसलेला, पोट धरून हसवणारा, माणसांवर जीव टाकणारा. पुढे तो कडवट झाला, पसरट झाला आणि वाचकाला लंडनच्या धुक्यात सोडून निघून गेला. दुसरा तट म्हणतो, सुरुवातीचा डिकन्स म्हणजे दरमहा पानं भरून देणारा हरहुन्नरी बातमीदार, कलावंत जन्मला तो १८५२ साली, 'ब्लीक हाउस'मध्ये. मध्यंतरी आमच्या वाचनमंडळात हा वाद चांगला दोन तास रंगला. त्या दोन तासांत आम्हा कुणालाही दोन पुस्तकांतली दोन पानं शेजारी ठेवून वाचावीशी वाटली नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हसू आणि काळोख या मापाने डिकन्सची वाढ मोजताच येत नाही. दोन्ही त्याच्याकडे पहिल्यापासून होतं आणि शेवटपर्यंत राहिलं. बदललं ते एका प्रश्नाचं उत्तर. माणसाच्या आयुष्याची धूळधाण होते, तिचा दोष कुणाचा? तरुण डिकन्स या प्रश्नाला एका माणसाचं नाव सांगून मोकळा व्हायचा. पंचेचाळिशीतल्या डिकन्सला ते नाव सापडत नव्हतं, आणि असं नाव नसताना कादंबरी उभी कशी करायची, हे तो दरम्यानच्या वीस वर्षांत महिन्या-महिन्याने शिकला होता. मनःस्थिती पालटली म्हणून हे झालं नाही. त्याने बांधणी बदलली.

तर दोन पानं शेजारी ठेवू. 'पिकविक' १८३६-३७चं. त्यात आनंदी, गोलमटोल पिकविकसाहेब लग्नाचं वचन मोडल्याच्या खोट्या दाव्यात हरतात, दंड भरायला नकार देतात आणि फ्लीटच्या तुरुंगात जातात. तिथे त्यांना राहायला जी खोली मिळते ती एका कैद्याची. वारसा-मालमत्तेचे दावे वर्षानुवर्षं चालवणाऱ्या चॅन्सरी कोर्टापायी हा माणूस वीस वर्षं आत सडतो आहे, आणि थोड्याच प्रकरणांनंतर तिथेच मरतो. हसवणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकातलं हे दृश्य आहे! तेव्हा काळोख नंतर आला असं कुणी म्हणू नये. पण पिकविक पुढे काय करतात? ते सगळं पाहून त्यांचं डोकं भणभणतं, काळीज पिळवटतं, आणि ते स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतात. तीन महिन्यांनी त्यांच्यावर दावा लावणारी बाईच वकिलांचे पैसे थकल्यामुळे तुरुंगात येते. तिची दया येऊन पिकविक खर्च भरतात आणि सगळे बाहेर पडतात. पैसा असलेला भला माणूस आला, प्रश्न सुटला. फ्लीटचा तुरुंग मागे जसाच्या तसा उभा राहतो, कथा मात्र घोडागाडीत बसून पुढे जाते.

आता वीस वर्षांनंतरचं पान. 'लिटल डॉरिट', १८५५ ते १८५७. विल्यम डॉरिट कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात वीसहून अधिक वर्षं काढतो. धाकटी मुलगी तिथेच जन्मते. त्याला 'मार्शलसीचा बाप' ही पदवी मिळते, आणि सुटून जाणाऱ्या कैद्यांकडून तो चार नाणी स्वीकारतो, 'मानाची भेट' म्हणून. मग एक दिवस वारसा उघडकीला येतो, डॉरिट श्रीमंत होतो आणि सहकुटुंब इटलीला जातो. इथे तरुण डिकन्सने पुस्तक संपवलं असतं. पंचेचाळीस वर्षांचा डिकन्स अर्ध्या पुस्तकावर येऊन ठेपला आहे. रोममध्ये बड्या लोकांची मेजवानी चालू असते. डॉरिट उभा राहतो, घुटमळत, खाकरत बोलायला लागतो, आणि त्या रेशमी पाहुण्यांचं मार्शलसीत स्वागत करतो. जागा जरा अपुरी आहे, पण राहता राहता मोठी वाटायला लागते, असं तो त्यांना समजावतो. मानाची भेट देण्याची इथे रीत आहे, हेही सुचवतो. टेबलाभोवती सन्नाटा पसरतो आणि धाकटी मुलगी त्याचा हात धरून उभी राहते. थोड्याच दिवसांत तो मरतो. हे पान मी कितीदा वाचलं असेल, दर वेळी घशाशी आवंढा येतो. या माणसाला कुणी कोंडून ठेवलं? सावकाराने? कायद्याने? त्याच्याच पोकळ प्रतिष्ठेने? फासावर चढवायला इथे एकही माणूस हाती लागत नाही. फ्लीटमधून पैसे भरून बाहेर पडता येत होतं. मार्शलसीतून पैसे भरूनही बाहेर पडता येत नाही.

डिकन्सने या कादंबरीसाठी आधी योजलेलं नाव होतं 'कुणाचाच दोष नाही'. पहिला अंक निघायच्या थोडं आधी त्याने ते बदललं. माझ्या मते त्याच्या सगळ्या प्रवासाची किल्ली या टाकून दिलेल्या नावात आहे. मागे वळून त्याच्या पहिल्या कादंबऱ्या पाहा. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला चोरांचा म्होरक्या फेगिन फासावर जातो, राल्फ निकलबी गळफास घेतो, क्विल्प टेम्स नदीत बुडतो, आणि ब्राउनलोसाहेब किंवा चिरिबल बंधूंसारखा एखादा सज्जन धनिक येऊन उरलेल्यांची व्यवस्था लावतो. खलनायक गेला की हवा स्वच्छ. 'ब्लीक हाउस'मध्ये टल्किंगहॉर्न वकिलाचा खून होतो आणि काय बदलतं? चॅन्सरीतला जार्न्डिस खटला चालूच राहतो, आणि संपतो तो निकालाने नव्हे. सगळी मालमत्ता खटल्याच्या खर्चातच संपली म्हणून तो संपतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. डिकन्सने ती पायरीच कादंबरीची नायिका केली. 'पिकविक'मध्ये एका खोलीपुरती असलेली चॅन्सरी पंधरा वर्षांनी पूर्ण पुस्तक व्यापते. 'लिटल डॉरिट'मधल्या सर्कमलोक्यूशन ऑफिसचंही तेच. काम कसं होऊ द्यायचं नाही, हेच त्या कचेरीचं ब्रीद. डॉइस नावाचा हुशार कारागीर आपला शोध घेऊन वर्षानुवर्षं तिथे खेटे घालतो. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक थंडीने आणि गैरव्यवस्थेने मेले, त्यानंतर वर्षभरात हे छापून येऊ लागलं. 'सरकारी काम, सहा महिने थांब' म्हणणाऱ्या आपल्या माणसाला ही प्रकरणं परकी वाटायचं कारण नाही.

दोन मृत्यूंचीही तुलना करून पाहा. १८४१ साली 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधली छोटी नेल गेली तेव्हा डिकन्सने शोक केला, वाचकाला रडवलं, तिला देवदूत केलं. त्या अश्रूंत कुणावर आरोप नव्हता. १८५३ साली 'ब्लीक हाउस'मधला जो मरतो. रस्ता झाडणारा, नाव-गाव नसलेला, जिथे उभा राहील तिथून हाकलला जाणारा पोरगा. डॉक्टरच्या मागोमाग प्रार्थनेचे शब्द म्हणता म्हणता तो अर्ध्यावर संपतो. आणि निवेदक एकदम वळून राणीसाहेबांना, सरदारांना, धर्मगुरूंना सांगतो की हा मेला, आणि असे रोज आपल्या आजूबाजूला मरताहेत. तो जोसाठी रडत बसत नाही, तो हजेरी घेतो. ज्या ओंगळ वस्तीत जोला रोग लागला, तिथून तो रोग त्याला थारा देणाऱ्या चांगल्या घरातही पोचतो, नायिकेचा चेहरा विद्रूप करून जातो. दोष सगळ्यांत वाटला गेलेला आहे हे डिकन्स भाषण करून सांगत नाही, रोगाच्या वाटेने कथानक चालवून दाखवतो. वाढ म्हणतात ती ही.

आता समोरच्यांच्या बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे. पहिला मी मनापासून मान्य करतो. सुरुवातीच्या पुस्तकांत जो मोकळा, उसळता झरा आहे तो पुढे तसा राहिला नाही. पिकविकसाहेबांचा हजरजबाबी नोकर सॅम वेलर आला आणि शेकड्यांत खपणारं 'पिकविक' चाळीस हजारांवर गेलं, ते उगीच नाही. 'मार्टिन चझलविट'मधली मिसेस गँप, ती दारूच्या वासाची सुईण, तिच्या तोडीचं निखळ विनोदी पात्र नंतरच्या पुस्तकांत मला सापडत नाही. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये बॉफिन कंजूषपणाचं जे लांबलचक सोंग करतो ते मला कधीच पटलेलं नाही. पण झरा आटला आणि झरा वळवला, यांत फरक नाही का? 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये नव्या कपड्यांत मिरवणाऱ्या पिपची शिंप्याच्या दुकानातला पोरगा भररस्त्यात नक्कल करतो, 'मी नाही बुवा तुम्हाला ओळखत' म्हणत ऐटीत चालून दाखवतो. वाचताना हसू फुटतं, आणि त्याच क्षणी पिपचा सगळा खोटेपणा उघडा पडतो. चार उपदेशांचं काम त्या एका नकलेने केलं. 'लिटल डॉरिट'मधली फ्लोरा घ्या. तरुणपणीची प्रेयसी वीस वर्षांनी भेटते ती जाडजूड, अखंड बडबड करणारी. डिकन्स तिला हसतो आणि हसता हसता तिचं चांगुलपण, तिचं एकटेपण वाचकापुढे ठेवतो. विशीतल्या डिकन्सला ही बाई दिसली असती, पण इतकीच, हसण्यापुरती.

दुसरा मुद्दा चरित्राचा. हा डिकन्स दुःखी होत गेला म्हणून त्याची पुस्तकं काळवंडत गेली, असं सांगतात. १८५८ साली तो पत्नीपासून वेगळा झाला, एलन टर्नन ही तरुण नटी आयुष्यात आली, वगैरे. तारखा बघा ना. 'डॉम्बी अँड सन' १८४६चं, 'ब्लीक हाउस' १८५२चं, 'हार्ड टाइम्स' १८५४चं. 'लिटल डॉरिट' १८५७च्या जूनमध्ये पुरं झालं आणि एलनची भेट झाली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. कारण कार्यानंतर येत नाही. दुसरे चरित्रवादी बारा वर्षांच्या पोरापर्यंत मागे जातात. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसीत गेले आणि चार्ल्सला बूटपॉलिशच्या वखारीत आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर डब्यांवर कागद चिकटवायला बसवलं. समीक्षक एडमंड विल्सनने १९४१ साली या जखमेवर डिकन्सचा सगळा अर्थ उभा केला. जखम खरी होती. त्याने ती जन्मभर लपवली, आणि जगाला कळली ती त्याच्या मृत्यूनंतर, मित्र फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पण 'पिकविक' लिहितानाही ती जखम तेवढीच होती, नव्हे, अवघ्या बारा वर्षांपूर्वीची, म्हणून अधिक ताजी होती. जी गोष्ट आरंभी आणि शेवटी सारखीच हजर आहे, ती बदलाचं कारण कशी ठरेल? शेक्सपिअरवर हा प्रयोग आधीच झाला होता. १८७०च्या दशकात समीक्षक एडवर्ड डाउडनने त्याच्या नाटकांवरून मनाचे चार टप्पे पाडले, सुखात्मिका लिहिणारा आनंदी, शोकात्मिका लिहिणारा खोल गर्तेतला. आणि 'हॅम्लेट' व 'ट्वेल्फ्थ नाइट' मात्र वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेली!

मग बदल झाला कशाने? मी म्हणेन, हप्त्यांनी. इथे दुसऱ्या तटाशी माझं भांडण आहे. हप्त्याने लिहिणं म्हणजे पाणी घालून वाढवणं, हे आपल्याकडच्या सुशिक्षितांनी गृहीतच धरलेलं असतं. डिकन्सची मोठी कादंबरी वीस हप्त्यांची असे. बत्तीस पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग, शेवटचा अंक जोडअंक. ही चौकट 'पिकविक'पासून 'अवर म्युच्युअल फ्रेंड'पर्यंत तीस वर्षं तीच. चौकट न बदलता तिच्यातलं काम किती बदललं, हे पाहायला त्याचे आराखडे आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हस्तलिखितांबरोबर ते जपलेले आहेत, आणि त्यांच्या छापील प्रती पाहायला मिळतात. 'डॉम्बी'पासून दर अंकासाठी एक कागद. आडवा धरलेला, मधोमध विभागलेला. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांत काय यायचं ते. डावीकडे त्याने स्वतःला विचारलेले प्रश्न आणि स्वतःच दिलेली उत्तरं. हे पात्र या अंकात आणायचं का? नाही, अजून नाही. 'ब्लीक हाउस'च्या एका कागदावर जोचं नाव आहे, पुढे प्रश्नचिन्ह. त्यापुढे 'हो'. आणि मग दोन शब्द: त्याला मार. ज्या मृत्यूने लाखो वाचक हेलावले त्याचा निर्णय असा थंड डोक्याने, कुणाला कधी आत घ्यायचं याचा हिशेब मांडताना झालेला आहे. पानं भरणारा माणूस असे कागद ठेवत नाही.

आणि चौकटीला वाचकही जोडलेला होता. 'डॉम्बी'त वॉल्टर हा तरुण वाया जातो असं दाखवण्याचा त्याचा बेत होता, तो त्याने सोडून दिला. डॉम्बीची बायको एडिथ नवऱ्याच्या मॅनेजरची रखेल होते असं ठरलं होतं, पण लॉर्ड जेफ्री या जुन्या समीक्षक मित्राला ते पटेना आणि डिकन्सने वाट बदलली. ती पळून जाते, पण त्या मॅनेजरला अंगाला हात लावू देत नाही. कुणी म्हणेल ही तडजोड झाली. मला उलट वाटतं, एडिथ त्यामुळे अधिक कणखर झाली. फेगिनची गोष्ट तर याहून मोलाची. १८६३ साली एका ज्यू बाईने डिकन्सला पत्र लिहून विचारलं, की 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये आमच्या जमातीला का बदनाम केलंत. त्याने आधी स्वतःचं समर्थन केलं. पण १८६४च्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये त्याने रिया हा म्हातारा ज्यू आणला, आणि १८६७च्या आवृत्तीत फेगिनच्या मागे चिकटलेला 'तो ज्यू' हा उल्लेख अनेक ठिकाणी काढून टाकला. रिया पात्र म्हणून लाकडी आहे, हे खरं. पण त्याला दिलेली जागा पाहा. लोक ज्या सावकाराला शिव्या घालतात तो रिया नाहीच. खरा सावकार एक ख्रिस्ती तरुण आहे, आणि तो या म्हाताऱ्याला पुढे करून त्याच्या आड लपतो. १८३७ साली डिकन्सने ज्या डोक्यावर दोष ठेवला होता, त्याच डोक्यावर समाज दोष कसा ठेवतो, हे तो १८६४ साली लिहीत होता.

आपल्याकडे याचा पडताळा हरिभाऊ आपट्यांत मिळतो. १८८५च्या 'मधली स्थिति'ला रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार होता. १८९० साली 'करमणूक' सुरू झालं, आणि तिथे आठवड्याच्या आठवड्याला लिहिताना यमूचा स्वतःचा आवाज उभा राहिला. 'पण लक्षांत कोण घेतो?' यात शंकरमामंजींसारखा दुष्ट माणूस आहेच, पण पुस्तकाच्या नावातला प्रश्न त्यांना विचारलेला नाही, तो वाचणाऱ्या सगळ्या घरांना विचारलेला आहे. हप्त्याने हरिभाऊंना बिघडवलं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

वाढीची ही कथा मी रंगवून सांगतो आहे असं वाटू नये म्हणून तिच्यातली सगळ्यात बोचणारी गोष्टही सांगायला हवी. भारतीय वाचकाने ती विसरूच नये. 'कुणाचाच दोष नाही' हे नाव ज्याच्या मनात होतं, त्या डिकन्सने 'लिटल डॉरिट' संपवल्यावर चार महिन्यांत, १८५७च्या ऑक्टोबरात, एका मैत्रिणीला पत्र लिहिलं. आपण हिंदुस्थानातले सरसेनापती असतो तर अलीकडच्या क्रूरपणाचा डाग ज्या वंशावर आहे तो वंशच नष्ट करायला झटलो असतो, असं त्यात आहे. त्याचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडे आला होता. बापाची काळजी समजू शकते, हे वाक्य क्षम्य होत नाही. लंडनच्या झोपडपट्टीचा दोष वाटून पाहणारी नजर समुद्र ओलांडताना आंधळी झाली आणि तिने अख्ख्या लोकसमूहाचा फेगिन केला. त्यावरून काही जण डिकन्सची सगळी सहृदयताच ढोंग ठरवतात. मला ते मान्य नाही. जी दृष्टी त्याने कादंबरीत कमावली ती आराखड्यांच्या कागदावर, प्रश्न विचारून, खोडून, वीस महिने धीर धरून कमावली होती. संतापाच्या भरात लिहिलेल्या पत्रात त्यातलं काहीच नव्हतं. त्याची पुस्तकं त्याच्यापेक्षा शहाणी आहेत, आणि त्या पत्राला उत्तर द्यायचं तर ते त्याच्याच 'ब्लीक हाउस'मधून देता येतं.

राहता राहिला लोक त्याला सोडून गेल्याचा मुद्दा. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'चा खप घसरला, हे बरोबर. पण शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या 'एडविन ड्रूड'चे अंक पन्नास हजारांच्या आसपास खपले, म्हणजे 'पिकविक'हूनही जास्त. आणि 'ड्रूड'ची सुरुवात कशी आहे? अफूच्या अड्ड्यात पहाटे डोळे उघडणारा माणूस, त्याच्या नजरेसमोर इंग्रजी कॅथीड्रलचा मनोरा आणि पौर्वात्य सुलतानाची मिरवणूक एकमेकांत मिसळलेली. हा माणूस त्या कॅथीड्रलमध्ये भजनं गातो. फेगिन अड्ड्यात राहायचा, ब्राउनलो स्वच्छ घरात. आता दोन्ही घरं एकाच कवटीत आली.

१५ मार्च १८७० रोजी लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये डिकन्सचं अखेरचं जाहीर वाचन झालं. प्रकृती ढासळलेली. आदल्या वर्षी दौऱ्यावरच कोसळल्यामुळे डॉक्टरांना वाचनं थांबवावी लागली होती. त्या दौऱ्यात तो काय वाचत होता, तर तिशी गाठायच्याही आधी लिहिलेला, 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीचा खून. अखेरच्या रात्री त्याने आधी 'ख्रिसमस कॅरोल' वाचलं आणि मग 'पिकविक'मधला खटला. लोक हसून हसून बेजार झाले. वाचन संपल्यावर तो निरोपाचे चार शब्द बोलला, आणि त्यातच त्याने सांगितलं की अवघ्या दोन आठवड्यांत आपलं नवं लेखन तुमच्या घरी येईल. ते 'ड्रूड' होतं. बारा अंकांचा बेत होता. सहा लिहून झाले आणि ९ जूनला तो गेला.